जुनेर

आमच्या स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलचे एक पातेले आहे. पाच शेर दूध सहज मावेल एवढे मोठे, बुडाला जाड आणि काठाला एके ठिकाणी किंचित चेपलेले. चौतीस वर्षे ते आमच्याकडे आहे. पाहुण्यांना त्यात विशेष असे काही दिसत नाही, परंतु त्याची किंमत आम्हांस पुरती ठाऊक आहे. आमच्या मातोश्रींची अकरा लुगडी देऊन ते आम्ही घेतलेले आहे.

ही हकीकत १९९१ सालची. मातोश्री वारल्या, दिवसवार झाले, आप्तेष्ट आपापल्या गावी परतले. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कपाटाचा एक सबंध खण त्यांच्या लुगड्यांनी भरलेला होता. आम्हांस लहानपणापासून नीटनेटकेपणाची आवड. त्यातून मास्तरकीचा पेशा, म्हणजे जेथल्या तेथे वस्तू नसली की जीव अस्वस्थ व्हायचा. एके दुपारी खाली बोहारणीची हाक आली. घरात आम्ही एकटेच होतो. आम्ही तिला वर बोलाविले, लुगडी काढून दिली आणि मोठ्या शिताफीने घासाघीस करून पळीऐवजी पातेले पदरात पाडून घेतले. सायंकाळी मंडळी घरी आल्यावर हा पराक्रम आम्ही अभिमानाने सांगितला. आमच्या सौभाग्यवती पातेल्याकडे पाहत राहिल्या आणि काही न बोलता दिवा लावावयास उठून गेल्या.

पुढल्या महिन्यात आमच्या ताई सांगलीहून आल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी विचारले, "आईचे एखादे लुगडे मला देतोस का रे?" आम्ही जे खरे ते सांगितले. ताई रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्या आमच्याकडे आल्या की त्यांना दूध सोसेनासे झाले आणि चहा वर्ज्य झाला. ते पातेले दुधाचे आहे आणि सांगलीस त्या दोन वेळा दुधाचा चहा घेतात, ह्या दोन गोष्टींची सांगड घालावयास आम्हांस कित्येक वर्षे लागली. व्याकरणातला एखादा संधी सोडविणे आम्हांस सोपे जाते, माणसांचा जात नाही.

हे सर्व आता आठवण्याचे कारण असे की, आमची इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली. मुंबईच्या उपनगरांत हल्ली गल्लोगल्ली हेच चालले आहे. दादांचे बिऱ्हाड व आमचे एकाच मजल्यावर, समोरासमोर. वडील १९६६ साली येथे राहावयास आले, तेव्हापासूनचा साठा दोन्ही घरांच्या माळ्यांवर साचलेला. तो खाली काढीत असता दादांच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. तिच्यात कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा झालेला होता आणि त्याखाली घडी करून ठेवलेली एक अर्धवट गोधडी होती. तिच्यात सुई तशीच टोचलेली, दोरा ओवलेला. सुई गंजून कापडाला तांबूस डाग पडलेला. मातोश्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी शिवण टाकली, ती तेथेच राहिली असावी.

आम्ही सर्व ती भोवती घेऊन बसलो. तळाला वडिलांचे धोतर होते. वर चौकोन जोडलेले: दादांच्या शाळेच्या सदऱ्याचा निळसर तुकडा, ताईंच्या खणाच्या परकराचा, वडिलांच्या उपरण्याचा काठ, आमच्या मुंजीतल्या कदाचा, वहिनींच्या पहिल्या संक्रांतीच्या काळ्या साडीचा. एकेक चौकोन ओळखू येऊ लागला तशी सत्तरी ओलांडलेले दादा लहान मुलासारखे बोलू लागले. कडेकडेने धावदोरा घालीत शिवण आत आत गेलेली होती आणि बरोबर मधोमध हातभर जागा मोकळी राहिली होती. घरातल्या प्रत्येकाचे वस्त्र तीत होते. मातोश्रींचे मात्र एकही नव्हते. ह्याचे कारण आमच्या सूनबाईंनी सांगितले. "त्यांची लुगडी तेव्हा त्या नेसत होत्या ना, बाबा!"

आता ह्या गोधडीचे करावे काय, ह्याविषयी घरात तीन पक्ष झाले. दादांच्या चिरंजीवांचे डोके त्या दिवसांत चौरस फुटांच्या हिशेबात गढलेले होते. ते म्हणाले, चार शाखांना चार समान तुकडे करून द्यावे. दादांना ही कल्पना ऐकवेना. आईच्या हातच्या शिवणीला कातर लावणे म्हणजे तिचा अवमान, ती आहे तशी, सुईसकट, काचेच्या चौकटीत घालून नव्या घराच्या भिंतीवर लावावी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही अर्थातच दादांच्या बाजूस. आमच्यापाशी दाखलाही तयार होता. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, ह्यांचा मुलगा राजा बाळपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, दारे, वाद्ये अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून तो आज सर्वांना पाहावयास मिळतो. जुन्या वस्तूचा मान राखावयाचा तो असा, असे आम्ही ठासून सांगितले.

सूनबाई तिसऱ्या पक्षात, आणि त्या पक्षात त्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "बाबा, केळकरांनी सबंध वाडा दिला. आपल्याला मिळणार दोन खोल्या आणि एक दिवाणखाना. शिवाय काचेतली गोधडी पांघरता येत नाही. आजींनी ती पांघरायलाच शिवायला घेतली होती. आपण ती पुरी करू या." आणि त्यांनी भ्रमणध्वनीवर एक चित्र आमच्यापुढे धरले. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावर वसलेले एक खेडे आहे. तेथे गुलामांच्या वंशातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवीत आल्या. १९४२ साली तेथल्या मिझूरी पेटवे ह्या बाईने आपल्या मृत पतीचे शेतात वापरलेले कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली निजावे म्हणून. त्या चित्रात गुडघ्याशी झिजलेल्या विजारीचे कापड स्पष्ट दिसते. ह्या खेड्यातल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. म्हणजे त्या भिंतीवर चढल्या खऱ्या, पण आधी माणसांच्या अंगावर झिजून मग चढल्या.

आम्ही निरुत्तर झालो असे नाही, परंतु विचारात पडलो खरे. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आम्ही चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावून दिला. मनुष्य जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसाच देही जुने शरीर टाकतो. मात्र टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते हे तेथे सांगितलेले नाही. ते आमच्या मातोश्रींस ठाऊक होते. घडीचे लुगडे पुढे रोजचे होई, रोजचे विरले की त्याचे जुनेर होई. जुनेराची गोधडी किंवा बाळाचे दुपटे, दुपट्याची लंगोटी, लंगोटीचे चिरगुट, आणि धोतराचा शेवटचा धडका तुकडा असेल तर त्याची वात वळून देवापुढे काकडा. बाळाच्या अंगाला प्रथम मऊ जुनेरच लावावयाचे, कोरे कापड नव्हे, ही आपल्या घरांतली चाल. कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या कातडीस टोचते आणि शंभरदा धुतलेले सुती कापड लोण्यासारखे होते, हे तिच्यामागचे साधे कारण. आजीचे लुगडे नातवंडाला मिळे ते असे. ह्या सर्व उतरंडीत वस्त्र टाकले म्हणून कोठेच जात नाही. ते घराबाहेर गेले ते आमच्या एका दुपारच्या व्यवहाराने.

गोधडीचा निर्णय ताईंवर सोपवावा असे ठरले. वयाची बहात्तरी उलटलेल्या ताई सांगलीहून आल्या. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि गंजलेली सुई दोन बोटांनी हलके फिरवीत बाहेर काढली. "ही पुरी करायची राहिली होती," त्या म्हणाल्या, "पुरी करू." दादांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आमच्या घरात दादांनंतर ताई वडील, परंतु शिवणाच्या बाबतीत दादांच्याही आधी.

प्रश्न उरला तो मधल्या हातभर जागेचा. तेथे मातोश्रींचे वस्त्र हवे हे कोणी बोलले नाही, पण सर्वांच्या मनात तेच होते. आम्ही खाली मान घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी आमची पुस्तके बांधावयास घेतली. आमच्यापाशी अमरकोशाची एक जुनी प्रत आहे. आम्ही बारा वर्षांचे असताना शास्त्रीबोवांच्या पाठशाळेत जाऊ लागलो, तेव्हापासूनची. ती एका तांबड्या फडक्यात गुंडाळलेली असते. पंचावन्न वर्षे ते बासन आम्ही रोज सोडतो आणि रोज बांधतो. ताई पुस्तके हातोहात देत होत्या. ते बासन हाती येताच त्या थांबल्या. "हे कशाचे आहे?"

"पोथीचे बासन," आम्ही म्हणालो.

"अरे, हा आईच्या हिरव्या इरकलीचा पदर आहे. ही बघ पांढरी कंगव्यासारखी नक्षी. ह्याला धरून मी शाळेत जायच्या वेळी रडत असे."

वाचकांस हे खरे वाटणार नाही, पण आम्ही ते फडके कधी पाहिलेच नव्हते. इरकली लुगड्याचे अंग सुती असले तरी पदर तांबडा रेशमी असतो आणि त्यावर पांढऱ्या रेघा-दातऱ्यांची ठरावीक नक्षी असते, हे आम्हांस माहीत होते. आमच्या पाठशाळेच्या पहिल्या दिवशी मातोश्रींनी ते बांधून दिले हेही आठवत होते. तथापि आमच्या मनात ते पोथीचे वस्त्र होते, आईचे नव्हते. ज्या गृहस्थाने अकरा लुगडी दिली, त्याच्याच हातात बारावे रोज येत होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता!

आता खरी परीक्षा आली. ताईंनी ते मागितले नाही. त्यांनी ते घडी करून आमच्यापुढे ठेवले आणि दुसरी पुस्तके उचलली. दादा म्हणाले, "ते तुझे आहे. तुला दिलेले आहे." ते खरेच होते. पंचावन्न वर्षांची सवय, गुरुगृहीची खूण, आणि आता कळले ते सारे. कातर लागली की ते पुन्हा सबंध व्हावयाचे नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

पहाटे आम्हांस कान्हेरी आठवली. बोरिवलीस राहणाऱ्या मनुष्याला कान्हेरी म्हणजे अंगणच. शंभराहून अधिक लेणी, आणि शाळेच्या किती सहली आम्ही तेथे नेल्या त्याची गणती नाही. तेथे राहणारे भिक्षू तुकडे जोडलेले चीवर पांघरीत. विनयपिटकात ह्याची कथा आहे. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदास तशा ठिगळांचे चीवर करावयास सांगितले. असे कापलेले वस्त्र श्रमणास शोभते आणि त्याचा लोभ कोणास होत नाही, असे त्याचे कारणही तेथे दिलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे, सुमारे इसवी सन १२० चा. त्याने कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे २४०. हे गणित आम्ही सातवीच्या मुलांना फळ्यावर घालीत असू आणि हिशेब चोख जुळला की मुले खूष होत.

त्या पहाटे मात्र आमचे लक्ष हिशेबावरून उडून त्या कारणावर गेले. कापलेल्या वस्त्राचा लोभ कोणास होत नाही. सबंध लुगडे बोहारीण घेते, तुकडे जोडलेले घेत नाही. आम्ही सबंध ठेवण्याच्या बाजूने एवढे भांडलो, परंतु आमच्या घरातून जे गेले ते सबंध होते म्हणूनच गेले, आणि जे उरले ते फाडलेले होते म्हणूनच उरले. पोथीसाठी मातोश्रींनी पदर फाडला नसता, तर तोही त्या गाठोड्यात गेला असता.

सकाळी आम्ही बासन ताईंच्या हाती दिले. म्हणालो, "ताई, मधल्या जागेला हे घे." ताईंनी ते उजेडात धरले. पन्नास वर्षांच्या हाताळण्याने ते मळले होते. "हे रेशीम आहे, साबण लावायचा नाही," त्या म्हणाल्या, "रिठ्यात धुवायला हवे." आणि मग सूनबाईंकडे वळून सहज म्हणाव्या तसे म्हणाल्या, "ते मोठे पातेले आण गं. त्यात रिठे उकळू."

पातेले आले. ताईंनी स्वतःच्या हातांनी त्यात पाणी घातले. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आम्ही खिडकीबाहेर पाहिले.

धुऊन सावलीत वाळविल्यावर ताईंनी त्या फडक्याचे माप घेतले आणि मधोमध कातर लाविली. "अर्धे पुरे आहे. अर्धे पोथीला राहू दे." आम्ही काही म्हणणार होतो, ते आमच्याने झाले नाही.

उरलेली शिवण भाड्याच्या घरात महिनाभर चालली. दुपारी जमिनीवर गोधडी पसरून दोन्ही घरांतल्या बायका चारी बाजूंनी बसत. चार कोपऱ्यांना ताईंनी दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लाविली. अशी फुले उत्तर कानडा जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही आपल्या गोधड्यांच्या कोपऱ्यांना लावतात, आणि त्यांची शिवणही कडेकडून मध्याकडेच जाते. बंगाली बायका तर जुन्या साड्यांच्या काठांतलाच रंगीत दोरा उसवून काढून कंथा भरीत. कंथा हा शब्द संस्कृत, आणि ठिगळांचे वस्त्र हाच त्याचा अर्थ. आपल्याकडे गोधडी अंगावर घेऊन गावोगाव झाडलोट करीत हिंडणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) ह्यांना लोक गोधडेबुवा म्हणत. ज्या वस्तूला आम्ही चिंध्या समजत आलो, तिची वंशावळ ही अशी थोर आहे.

शेवटच्या चौकोनाला प्रत्येकाने एकेक ओळ घालावी असे सूनबाईंनी ठरविले. पुरुषांनी सुई धरावी ह्याची दादांना प्रथम मौज वाटली, मग त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्यांनी पहिल्या प्रयत्नात दोरा ओवून सर्वांस चकित केले. आमची ओळ वाकडी गेली. इतकी वाकडी की नातीला हसू आवरेना. आम्ही ती उसवावयास निघालो तेव्हा ताई म्हणाल्या, "राहू दे. तुझी म्हणून ओळखू येईल."

ही गोधडी आता कोणा एकाची नाही. चार महिने दादांकडे, चार आमच्याकडे आणि थंडीचे चार सांगलीस, असा तिचा क्रम ठरला आहे. तिच्या मागल्या बाजूस सूनबाईंनी एक पांढरी पट्टी शिवली असून कोणता चौकोन कोणाचा ते तीवर दोऱ्याने लिहिले आहे. कारण ओळखणारी माणसे गेली की आठवणीचे पुन्हा नुसते कापड होते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी ट्रंक असेल, आणि पुष्कळांच्या इमारती आज ना उद्या पडावयाच्या आहेत. अनुभवाने चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जरीचे जुने लुगडे वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवू नये, रेशीम घडीवरच चिरते, म्हणून अधूनमधून घडी मोडून निराळी घालावी. धुवावयाचे ते रिठ्यात, वाळवावयाचे ते सावलीत. गोधडीत रेशीम असेल तर त्याखाली मऊ सुती जुनेराचा आधार द्यावा. जे चांगले टिकलेले आहे ते सबंध ठेवावे, परंतु जे विरले आहे त्याला कातर लावावयास भिऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाठोडे बांधण्यापूर्वी बहिणींना विचारावे. पत्र लिहावे लागले तरी लिहावे. बोहारीण काय, दुसऱ्या दिवशीही येते.

ते पातेले आता दुधाला वापरीत नाहीत. गोधडी धुवावयाची झाली की त्यात रिठे उकळतात, एरवी ते भाड्याच्या घराच्या मोरीत उपडे असते. गेल्या खेपेस ताई आल्या तेव्हा सूनबाईंनी लहान पातेलीत चहा टाकला. किती कप ठेवू, असे तिने आतून विचारले. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच ताई म्हणाल्या, "माझाही ठेव."